प्लॉट मंजूर झाले, सांडपाण्याचं काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळचे बहुतेक प्रश्न शहरालगतच्या गावांतून आले आहेत. लिहिणारे वेगवेगळे आहेत: सरपंच, सदस्य, प्लॉट घेतलेले नोकरदार, कॉलनीशेजारचे शेतकरी. तक्रार मात्र फिरून एकाच ठिकाणी येते. घरांना परवानगी एका टेबलावर मिळाली, नळजोडणी दुसऱ्या टेबलावर, आणि वापरलेलं पाणी कुठे जाणार हा विषय कुठल्याच टेबलावर आला नाही. प्रश्न थोडे आटोपशीर करून दिले आहेत.

आमच्या गावाची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे. ग्रामसभेत भूमिगत गटाराचा ठराव झाला. स्वच्छ भारत मिशन आणि वित्त आयोगाचा पैसा मिळून काम होईल, असं ठेकेदार सांगतो. योजना घ्यावी का?
*सरपंच, अहिल्यानगर जिल्हा*

ठेकेदाराला एकच विचारा: पाइपचं शेवटचं टोक कुठे आहे? उत्तर ‘ओढ्यात’ असं आलं, तर योजना घेऊ नका. ते गटार नव्हे, आपली घाण खालच्या गावाला पाठवण्याची सोय झाली.

आता पैशाचं बघू. स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) च्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाणी व्यवस्थापनासाठी पाच हजारांपर्यंतच्या गावाला माणशी २८० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ६६० रुपये असा दर ठरवलेला आहे. यातला ७० टक्के वाटा मिशनचा, ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. तुमच्या गावाचे होतात ८ लाख ४० हजार. एवढ्यात शोषखड्डे होतात, उघडी गटारं नीट बांधून होतात, शेवटी एखादं स्थिरीकरण तळंही (सांडपाणी साठवून आपोआप निवळू देणारं तळं) बसतं. घराघराला जोडणारी, चेंबर असलेली, शेवटी प्रक्रिया केंद्राला मिळणारी भूमिगत गटार योजना एवढ्यात होत नाही. होते असं कोणी सांगत असेल तर तो त्यातला फक्त पाइप पुरण्याचा भाग सांगतोय. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी दिलेल्या निधीतला ६० टक्के हिस्सा बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तो खर्च झाला पाहिजे या घाईतूनच अशा पुष्कळ योजना जन्माला आल्या.

पैसा मिळालाच असं धरलं तरी पुढचा अडथळा पाण्याचा आहे. मैला वाहून न्यायला पाइपमध्ये पुरेसा प्रवाह लागतो. साधारण सेकंदाला ०.६ मीटर वेग मिळाला तर पाइप स्वतःहून साफ राहतो, नाहीतर गाळ बसतो. म्हणूनच मलनिस्सारण असलेल्या शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरून आखणी होते. जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी ५५ लिटरचं आहे, आणि उन्हाळ्यात तेवढं तरी येतं का हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. कमी पाणी म्हणजे उतार जास्त द्यावा लागणार. थोडा प्रवाह असलेल्या १५० मिलिमीटरच्या पाइपला दर १०० मीटरला साधारण ६० सेंटिमीटर उतार धरतात. सपाट गावात हा पाइप एक किलोमीटर नेला तर शेवटी तो सहा मीटर खोल गेलेला असेल. तुमच्याकडे चार फुटांखाली कातळ लागत असेल तर ब्रेकरचं भाडंच योजना खाऊन टाकेल. मग ठेकेदार काय करतो? उतार कमी करतो. आणि दुसऱ्या पावसाळ्यात चेंबरमधून घाण पाणी वर यायला लागतं.

माझं मत विचाराल तर मोरीचं आणि संडासाचं पाणी वेगळं ठेवा. मोरी, अंघोळ, धुणीभांडी यांचं पाणी दारातल्या शोषखड्ड्यात किंवा चार-पाच घरांच्या सामाईक खड्ड्यात मुरवा. त्याला रोजगार हमीतून मजुरी आणि साहित्य मिळू शकतं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने हेच केलं. खड्ड्याच्या मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे, आणि गावातली वाहती गटारं बंद. त्याला पुढे मॅजिक पिट म्हणू लागले. काळ्या मातीत मात्र एक काळजी घ्यावी लागते. खड्डा चिकण थरातच थांबवला तर आठवड्यात तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागतं.

गावठाणातल्या अगदी दाट गल्ल्यांत, जिथे खड्ड्याला हातभर जागा नाही, तिथे झाकलेलं गटार घ्या, पण त्यात फक्त मोरीचं पाणी सोडा. हा नियम पाळून घेणं सगळ्यात अवघड जातं. संडासाच्या टाकीचा ओव्हरफ्लो रात्रीत गटाराला जोडला जातो, आणि तो जोडणाऱ्यात कधीकधी सदस्यही असतात.

ठराव रद्द करायची गरज नाही. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्याच शीर्षाखाली दुरुस्ती करून घ्या, आणि पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च कोणत्या करातून भागवणार, हे त्याच पानावर लिहा. तो आकडा लिहिताना जी कुजबुज होईल ती ऐकण्यासारखी असेल.

आमच्या हद्दीत दोनशे फ्लॅटचा प्रकल्प येतोय. विकसकाने ग्रामपंचायतीकडे पाणी आणि सांडपाण्याची ‘ना हरकत’ मागितली आहे. काही सदस्य म्हणतात सरळ नकार द्या, काही म्हणतात आपल्याला अधिकारच नाही. खरं काय?
*ग्रामपंचायत सदस्य, मुळशी तालुका*

दोन्ही बाजू अर्ध्या बरोबर आहेत.

बांधकामाची परवानगी गावठाणाबाहेर ग्रामपंचायत देत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार ते काम नियोजन प्राधिकरणाचं. तुमच्याकडे २०१५ पासून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), इतरत्र बहुतेक ठिकाणी नगररचना विभागाच्या अभिप्रायाने जिल्हाधिकारी. ग्रामीण भागात ३०० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे साधारण ३,२०० चौरस फुटांच्या, भूखंडावरच्या घरांसाठी एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने प्रक्रिया सोपी करून ग्रामपंचायतीच्या पातळीवर आणली, पण दोनशे फ्लॅट त्यात येत नाहीत. तेव्हा ‘गावाचा विरोध आहे’ एवढंच लिहून पाठवलेला नकार टिकणार नाही.

पाणी आणि सांडपाणी मात्र तुमचं आहे. ‘ना हरकत’ हा शिक्का मारून परत करायचा कागद नाही, त्यात मजकूर लिहिता येतो. दुर्दैवाने बहुतेक ग्रामपंचायती विकसकानेच टाइप करून आणलेल्या मसुद्यावर सही करतात. गावाच्या वेशीवर नवी कमान उभी राहते, आणि मागच्या बाजूने ओढा काळा होतो.

आधी हिशेब करा. २०० घरं, घरात सरासरी साडेचार माणसं, माणशी १३५ लिटर. झाले रोजचे सव्वा लाख लिटरच्या जवळपास. वापरलेल्या पाण्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा आखणीतला ठोकताळा आहे. म्हणजे रोज सुमारे एक लाख लिटर, दहा हजार लिटरचे दहा टँकर. पावसाळ्यात बाग भिजवायची गरज नसताना हे दहा टँकर कुठे रिकामे होणार? हाच प्रश्न ठरावात घाला आणि उत्तर लेखी मागवा. ‘प्रक्रिया करून पुनर्वापर’ हे उत्तर नाही. कोणत्या गट नंबरात, किती क्षेत्रावर, कोणत्या महिन्यात किती पाणी, हे उत्तर आहे.

पाण्याच्या दाखल्यातही ‘पाणी उपलब्ध आहे’ असं लिहू नका. कोणत्या स्रोतातून, रोज किती लिटर, कधीपासून, हे लिहा. देता येत नसेल तर तसं लिहा. गावाच्या मंजूर नळयोजनेची क्षमता, सध्याची जोडणी आणि उरलेलं पाणी हे तीन आकडे ग्रामसेवकाकडे असतातच. ते ठरावाला जोडलेले असले की वरच्या कार्यालयाला ते न वाचल्याचं सोंग घेता येत नाही.

प्रकल्पाचं एकूण बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल, तर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्रही. दोन्हींच्या प्रती मागा. त्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची क्षमता आणि पाण्याची विल्हेवाट लिहिलेली असते. विकसकाने तिथे एक आणि तुमच्याकडे दुसरंच सांगितलेलं असेल तर ते लगेच उघडं पडतं. मर्यादेच्या आत राहण्यासाठी एकच प्रकल्प टप्प्याटप्प्यांनी, वेगवेगळ्या नावांनी दाखवण्याची युक्ती जुनी आहे. शेजारशेजारच्या गटांचे सातबारे काढून बघा, मालक एकच निघतो का ते.

या सगळ्यावर ग्रामसभा घ्या, मासिक सभेत उरकू नका. ग्रामसभेचा ठराव प्राधिकरणावर बंधनकारक नसला तरी आकड्यांसह नोंदवलेली हरकत फाइलमध्ये राहते, आणि उद्या प्रकरण हरित लवादापुढे किंवा न्यायालयात गेलं तर पहिल्यांदा तीच वाचली जाते.

आम्ही मंजूर लेआउटमध्ये एनए प्लॉट घेऊन घर बांधलं. विकसक म्हणाला होता, ड्रेनेज लाइन ग्रामपंचायत टाकणार. ग्रामपंचायत म्हणते, लेआउट आमच्या ताब्यातच नाही. सेप्टिक टँकचं पाणी शेजारच्या शेतात जातंय आणि शेतकरी रोज भांडायला येतो.
*घरमालक, छत्रपती संभाजीनगरजवळचं गाव*

शेतकरी बरोबर आहे, इथून सुरुवात करू. त्याच्याशी भांडण मिटवायचं तर आधी स्वतःच्या टाकीला शोषखड्डा करा. सेप्टिक टँकमधून बाहेर येणारं पाणी शुद्ध नसतं. टाकीत फक्त गाळ खाली बसतो. जंतू पाण्याबरोबर बाहेर जातातच.

आता लेआउटचं. मंजुरी दोन पायऱ्यांत होते. आधी तात्पुरता अभिन्यास, म्हणजे लेआउट, मंजूर होतो. त्यातल्या अटींप्रमाणे रस्ते, गटारं, मोकळी जागा तयार करून दिल्यावर अंतिम मंजुरी मिळते. अनेक विकसक पहिल्या पायरीवरच प्लॉट विकून मोकळे होतात. तुमच्या मंजुरीच्या आदेशाची आणि नकाशाची प्रत माहिती अधिकारात काढा. अर्जाला दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आदेशात ‘अंतर्गत गटारे व सांडपाण्याची व्यवस्था अर्जदाराने स्वखर्चाने करावी’ अशा अर्थाची अट बहुधा सापडेल. सापडली की विकसकाच्या तोंडी आश्वासनाला काही अर्थ उरत नाही, आणि ग्रामपंचायतीचं म्हणणंही खरं ठरतं. अपुरं काम असलेला लेआउट ताब्यात न घेणं हेच तिचं काम आहे.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर प्लॉटिंगलाही महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते. नोंदणी असेल तर विकसकाने तिथे कोणत्या सुविधा जाहीर केल्या ते संकेतस्थळावर दिसतं. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत सेवा-सुविधांमधला दोष दाखवून दिला तर तो दुरुस्त करून देणं कायद्याने त्याच्यावर आहे. एकट्याने तक्रार करू नका. प्लॉटधारकांची संस्था करा. नोंदणीच नसेल, तर तीसुद्धा तक्रार आहे आणि मोठी आहे.

नोटरीवर एक गुंठा घेऊन घर बांधलंय. घरपट्टी भरतो, नमुना आठवर नाव आहे. तुकडे नियमित होणार असं ऐकलं. मग गटाराचा हक्क मिळेल ना?
*वाचक, पुणे जिल्हा*

नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही आहे. त्यात नाव लागलं म्हणजे जमीन नावावर झाली नाही आणि बांधकामही अधिकृत झालं नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. ठरावीक तारखेपर्यंत पडलेले लहान तुकडे नियमित करण्याचं धोरण शासनाने २०२५ मध्ये जाहीर केलं. तुमचा तुकडा त्यात बसतो का, हे तलाठ्याकडून तपासून घ्या.

पण नियमित होतो तो कागद. दहा फुटी बोळाच्या दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून बांधलेल्या चाळीस घरांना खड्डा कुठे काढायचा आणि पाइप कुठून न्यायचा, हे कुठलीही अधिसूचना सांगत नाही. तुमच्या गल्लीतल्या लोकांनी थोडी थोडी जागा सोडून एक सामाईक टाकी आणि खड्डा केला, तर ग्रामपंचायतीला त्यावर स्वच्छतेचा निधी खर्च करायला निमित्त मिळेल. शिल्लक असलेला शेवटचा रिकामा प्लॉट विकला जाण्याआधी हे करा.

आमच्या विहिरीपासून चाळीसेक फुटांवर नव्या कॉलनीचा शोषखड्डा आहे. पाण्याला वास नाही, रंग नाही. तरी काळजी करावी का?
*शेतकरी, सातारा जिल्हा*

करावी. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा, असं भारतीय मानक सांगतं. चाळीस फूट म्हणजे जेमतेम १२ मीटर. आणि १८ मीटरसुद्धा मातीतून पाणी हळूहळू गाळत जाईल या भरवशावर ठरवलेलं अंतर आहे. आपल्याकडे वरचा मातीचा थर पातळ, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा कातळ. भेगेत पाणी एकदा शिरलं की ते गाळलं जात नाही, नुसतं वाहतं. कोकणातल्या जांभ्यात तर आणखी वेगाने. म्हणून खड्डा आणि विहीर यांच्यातल्या अंतराइतकंच उताराकडेही बघा. खड्डा वरच्या अंगाला आणि विहीर खाली असेल तर काळजी दुप्पट.

वास आणि रंगावर जाऊ नका. दोन तपासण्या करून घ्या. एक जंतूंची: १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नसावा. दुसरी नायट्रेटची: मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. नुसतं नायट्रेट जास्त आलं तर ते खताचंही असू शकतं. दोन्ही एकदम आले तर संशय खड्ड्यावर घ्यायला हरकत नाही. गावच्या जलसुरक्षकाकडे तपासणी संच असतो, पण कागदावर चालेल असा अहवाल हवा असेल तर भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, त्यांच्याच निर्जंतुक बाटलीत. एक नमुना आत्ता आणि एक पहिल्या जोरदार पावसानंतर. दुसरा जास्त बोलका असतो.

तोवर पिण्याचं पाणी उकळा. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं. घरात तान्हं बाळ असेल आणि नायट्रेट मर्यादेबाहेर असेल, तर त्याच्यासाठी पाणी दुसरीकडून आणा.

अहवाल हातात आला की ग्रामपंचायतीबरोबरच गटविकास अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी यांना एकाच दिवशी अर्ज द्या आणि पोच घ्या. हे मी उगाच सांगत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस सापडले. दूषित पाणी-अन्नातून पसरणारे हे जंतू. त्या भागातल्या घरांना विहिरीचं पाणी जात होतं. घरं शहराच्या वेगाने वाढली होती आणि पाण्याची व्यवस्था गावाचीच राहिली होती.

सेप्टिक टँक किती वर्षांनी उपसावा? आमच्याकडे बारा वर्षांत कधी भरलाच नाही.
*वाचक, लातूर*

बारा वर्षांत भरला नाही म्हणजे तो टँक नाही, तळ नसलेला खड्डा आहे, किंवा कुठेतरी फुटलेला आहे. दोन ते तीन वर्षांनी गाळ काढायलाच हवा.

तो यंत्राने. माणूस आत उतरवायचा नाही, झाकण उघडून तासभर ठेवलं तरीही नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. आतला हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वासही कळेनासा होतो आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही वर येत नाही. २०१३ च्या कायद्याने हे काम माणसाकडून असुरक्षितपणे करून घेणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं आहे.

ग्रामपंचायतींसाठी एक जोड: वाई आणि सिन्नर नगरपरिषदांनी मैलागाळ प्रक्रिया केंद्र उभारून ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरच्या टाक्या उपसायला सुरुवात केली. भरल्यावर फोन करायचा नाही, पाळी आली की गाडी येते. शहराजवळच्या गावांनी स्वतःचं केंद्र बांधण्यापेक्षा जवळच्या नगरपरिषदेशी करार करावा. गाडीवाल्याला फक्त एक अट घाला: केंद्रात गाळ टाकल्याची पावती दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. नाहीतर तो गाळ त्याच रात्री तुमच्या पाझर तलावाच्या कडेला पडतो.

मोरीचं पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडलं तर चालेल का?
*वाचक, नाशिक*

नको. साबणाचं, भरमसाट पाणी आलं की टाकीत गाळ बसायला वेळच मिळत नाही, आणि तो तसाच शोषखड्ड्यात जाऊन खड्डा निकामी करतो.

आमचं गाव महापालिकेत गेलं. कर वाढतोय, ड्रेनेजचा पत्ता नाही. यापेक्षा ग्रामपंचायत बरी होती, असं लोक म्हणतात.
*वाचक, पुणे*

तुमच्याकडे २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पुढे उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुन्हा बाहेर काढून त्यांची नगरपरिषद झाली. त्यामुळे ‘परत जाऊ’ ही नुसती चावडीवरची गप्पा नाही, हे मान्य. पण परत जाऊन ड्रेनेज मिळेल का? ज्या ग्रामपंचायतीच्या काळात गल्लीला गल्ली लागून इमारती झाल्या, तिच्याकडे मुख्य वाहिनीसाठी जागा राखून ठेवायचं ना साधन होतं, ना इच्छा. महापालिकेला आज तीच जागा सापडत नाही. वाहिनी रस्त्याखालून जाते. रस्ता आराखड्यात आहे आणि जमिनीवर नाही. ताब्यासाठी मालक मोबदला मागतो, आणि फाइल भूसंपादनात अडकते. ड्रेनेजच्या पुष्कळ कामांचा खोळंबा मूळात रस्त्याचा असतो.

म्हणून नुसतं ‘ड्रेनेज द्या’ म्हणू नका. मलनिस्सारण आराखड्याची प्रत मागा, तुमच्या भागातली वाहिनी कोणत्या प्रक्रिया केंद्राला जाणार आणि वाटेत कोणते तुकडे ताब्यात यायचे आहेत, हे विचारा. बऱ्याचदा वाहिनीचे दोन्ही बाजूंचे भाग टाकून झालेले असतात आणि मधल्या दीडशे मीटरसाठी सगळं अडलेलं असतं. त्या जमिनीचे मालक गावातलेच असतात. महापालिकेच्या नोटिशीपेक्षा तुमचं बसून बोलणं तिथे लवकर उपयोगी पडेल.

कराचं म्हणाल तर समाविष्ट गावांत पूर्ण दर एकदम लागू होत नाही, टप्प्याटप्प्याने वाढवतात. बिलात मलनिस्सारणाचा वेगळा आकार असेल आणि जोडणी नसेल, तर त्या रकान्यावर बोट ठेवून लेखी हरकत घ्या. पूर्ण बिल थकवू नका. थकबाकीदाराचं कोणी ऐकत नाही.

सांडपाण्याच्या तळ्यासाठी गायरानात जागा बघितली. घरकुलांची वस्ती तिथून जवळ आहे, ते विरोध करतात. दुसरीकडे बघितली तर तिथले शेतकरी विरोध करतात. काय करावं?
*उपसरपंच, सोलापूर जिल्हा*

घरकुलवाल्यांचा विरोध मला रास्त वाटतो. गावाबाहेरची, कोणाला नको असलेली जागा आधी त्यांना घरासाठी दिली, आता गावाची घाणही त्यांच्याच शेजारी. त्यांच्या वस्तीला रस्ता आणि नळ आहे का, हे आधी बघा. नसेल तर तळ्याचा विषय काढायचा नैतिक अधिकार ग्रामपंचायतीला नाही.

स्थिरीकरण तळं नीट चाललं तर वास फारसा येत नाही. वास येतो तो संडासाचं पाणी त्यात आल्यावर, किंवा गाळ वर्षानुवर्षं न काढल्यावर. लोक तळ्याला नाही म्हणत, तुमच्या देखभालीला नाही म्हणतात, आणि आधीच्या गटारांची अवस्था बघता त्यांना दोष देता येत नाही. जिल्ह्यात चालू असलेलं एखादं तळं दोन्ही बाजूंच्या लोकांना मे महिन्यात नेऊन दाखवा. पावसाळ्यात सगळीच तळी बरी दिसतात.

शेतकऱ्यांच्या बाजूला जास्त वाव आहे. सोलापुरात उन्हाळ्यात पाण्याला किंमत असते. तळ्यातून बाहेर पडणारं पाणी कोणाच्या शेतात, कोणत्या पिकाला, किती वर्षं जाणार, हे आधी लिहून दिलं, तर विरोध करणाऱ्यांतलाच एखादा जागा द्यायला पुढे येऊ शकतो. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना मात्र ते पाणी नको. चारा, ऊस, झाडं ठीक.

गायरानच घ्यायचं झालं, तर नुसता ग्रामपंचायतीचा ठराव पुरत नाही. ती जमीन शासनाची आहे. गावाच्या सार्वजनिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या जगपाल सिंग खटल्यातल्या २०११ च्या निकालानंतर अशा जमिनींबाबत यंत्रणा सावध झाली आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा लेखी आदेश लागतो आणि त्याला वेळ लागतो. तो आदेश हातात येईपर्यंत निविदा काढू नका.